बाबांची भजनाची वही, अकरा इंची टॅब आणि पेटीवरची जागा

बाबांच्या भजनाच्या तीन वह्या आहेत. दोनशे पानी, एकीचा पुठ्ठा कधीच गेला, त्या जागी जुन्या कॅलेंडरचा जाड कागद चिकटवलाय. चाळीसेक वर्षांचे अभंग, गौळणी, गजर, सगळं बॉलपेनने, आणि कुठे आलाप घ्यायचा, कुठे झीलकऱ्यांसाठी, म्हणजे मागून ओळ उचलून धरणाऱ्यांसाठी थांबायचं त्या खुणा लाल पेनने. आमचं घर गोव्यात फोंड्याच्या बाजूला, मागे कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आणि पावसाळ्यात घरात काय ओल असते ते इथल्यांना सांगायला नको, कपाटातले चामड्याचे बूट आठवड्यात पांढरे होतात. गेल्या वर्षी पावसात मधल्या वहीला बुरशी धरली, पंधरा-वीस पानं एकमेकांना चिकटली, सोडवताना शाईसकट फाटली. बाबा काही बोलले नाहीत, दोन दिवस पेटीच उघडली नाही. आई म्हणाली, "त्यांना तो काय टॅब की फॅब आणून दे, सगळं आत घालून."

आणला. वर्ष होत आलंय आता, म्हणून लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की त्यावरच दोन पार्ट्या पडतात आणि कामाचं राहतं बाजूला. अँड्रॉइडवाला, ११ इंची, साधी एलसीडी स्क्रीन, वीस हजारांच्या आतला, एवढं पुरे.

आधी खरेदीबद्दल, कारण निम्मी अक्कल तिथेच आली. पणजीत अठरा जून रस्त्यावरून दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे तेच, रॅम किती, कॅमेरा किती, गेमिंग कसं, हप्ता किती बसेल. मी म्हटलं भजनाला पाहिजे, तर पोरगा एकदम गंभीर होऊन स्पीकर चार आहेत म्हणाला. स्पीकर काय करायचेत, पेटी, पखवाज आणि वीस टाळ असताना! तिसऱ्या दुकानात जाताना पिशवीतून वहीच घेऊन गेलो. काउंटरवर वही उघडली आणि तिच्या पानावर एकेक टॅब उभा ठेवून बघितला. लोक बघत होते, बघू दे. समास सोडला तर बाबांचं लिहिलेलं साधारण १४ सेंटीमीटर रुंद भरतं. सॅमसंगचा टॅब ए९ आहे ना, ८.७ इंची, त्याची स्क्रीन उभी धरली की रुंदी येते ११ सेंटीमीटरच्या जरा वर, म्हणजे अक्षर पाचातला एक भाग लहान होणार. अकरा इंचीची रुंदी येते पावणेपंधरा, वहीचं अक्षर जसंच्या तसं. १०.९ इंची आयपॅड अजून जरा रुंद पडतो, आकार चौकोनीकडे झुकलेला, वहीच्या पानाला खरं तर तोच जास्त शोभतो, पण बजेटच्या बाहेर. इंच हे तिरके मोजतात हे आपल्याला माहीत असतं पण दुकानात विसरायला होतं, त्यामुळे वही नाहीतर पोथी, नाहीतर पोराचं गणिताचं पुस्तक, जे काही त्यावर वाचणार ते सोबत न्या, एवढं साधं आहे. मला हे तिसऱ्या दुकानात सुचलं.

एक चूक मात्र केली. पेन चालतं का हे विचारलंच नाही. म्हणजे विचारलं, पोरगा म्हणाला "कुठलंही चालतं सर", आणि रबरी टोकाचं दीडशे रुपयांचं पेन फुकट दिलं. ते रबरी पेन म्हणजे स्क्रीनच्या लेखी फक्त अजून एक बोट, आणि बाबा लिहिताना तळहात टेकवतात, तो हातही तिला बोटच वाटतो, मग खूण राहते बाजूला आणि पान पळतं भलतीकडे. बोट कुठलं आणि पेन कुठलं हे ओळखणारं खरं पेन वेगळं असतं, ते टॅबने आतूनच सपोर्ट करावं लागतं, आमच्यात ते नाही आणि नंतर बसवताही येत नाही. वर्षभरात सगळ्यात जास्त हीच गोष्ट नडली. बाबांच्या लाल खुणा दर महिन्याला बदलत असतात.

स्कॅनिंगला तीन आठवडे गेले. रोज रात्री जेवण झालं की ट्यूबलाइटखाली डायनिंग टेबलावर वही उघडायची आणि मोबाइलवर गुगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने दहा-बारा पानं काढायची. हातानं लिहिलेलं देवनागरी ओळखून टाइप करून देतंय का ते पण बघितलं, 'विठ्ठल'चं काय काय झालं ते लिहीत नाही, पाप लागेल. म्हणून पानं फोटोच ठेवली आणि फक्त पहिल्या ओळी मी टाइप करून अनुक्रमणिका केली. तिन्ही वह्या मिळून दीडशे एमबीसुद्धा झाल्या नाहीत, त्यामुळे जास्त स्टोरेजवाल्या मॉडेलचे पैसे द्यायची गरज नाही. एक कॉपी ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हवर, आणि टॅबमध्ये ऑफलाइन. ऑफलाइन हे महत्त्वाचं, देवळात रेंज असेलच असं नाही.

वाचायला आधी साधं पीडीएफ उघडायचो, ते वैतागाचं काम. मग मोबाइलशीट्स नावाचं अ‍ॅप घेतलं, मूळ वेस्टर्न म्युझिकवाल्यांसाठी आहे, पैसे पडतात पण एकदाच. त्यात आज कुठले अभंग म्हणायचे त्याची यादी आधीच क्रमाने लावून ठेवता येते. बाबा आता दुपारी चहा झाला की रात्रीची यादी लावत बसतात, रूपाचा अभंग, मग दोन-तीन, मग गौळण, शेवटी गजर, आणि कोण कोण येणार त्यावर गजर बदलतात, पखवाजवाला चांगला असला की अवघड गजर.

आता खरी गंमत पेटीवर. पेटीवाल्याचे दोन्ही हात अडकलेले, उजवा पट्ट्यांवर, डावा भात्यावर. वहीचं पान उलटायला बाबा अर्धा क्षण भाता सोडायचे, इतक्या वर्षांची सवय, कळायचंही नाही. टॅबवर तसंच करायला गेले तर बोट जरा आडवं पडलं की दोन पानं सरकायची नाहीतर मेनू उघडायचा. म्हणून मी उत्साहात ब्लूटूथचं पेडल मागवलं, पायाने दाबलं की पान उलटतं. पियानोवाले वापरतात. पियानोवाले खुर्चीवर बसतात हे पार्सल उघडल्यावर लक्षात आलं! आपण मांडी घालून सतरंजीवर, पाय कुठाय मोकळा? गुडघ्याखाली ठेवून बघितलं तर ते सतरंजीवर सरकत सरकत पखवाजवाल्याकडे गेलं आणि त्याच्या मांडीखाली दाबलं जाऊन तीन अभंग एकदम पुढे. वर अजून एक, टॅबला हे पेडल म्हणजे कीबोर्ड वाटतो, त्यामुळे ते जोडलेलं असेपर्यंत स्क्रीनवरचा कीबोर्डच येईना, बाबांना वाटलं टॅब बिघडला. सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डखाली त्याचा एक खटका असतो तो चालू केला की येतो. आता ते पेडल माझ्या पुतण्याकडे असतं, तो मागे बसून हाताने दाबतो, आठ वर्षांचा आहे, भजनाला येण्याचं कारण तेवढंच. पेडलला पाचातले दीड, पुतण्याला पाच.

टॅब ठेवायचा कुठे हा पण प्रश्न होता. पेटीवर आडवा टाकला तर ट्यूबलाइट सरळ स्क्रीनमध्ये, अक्षर दिसत नाही, स्वतःचं नाक दिसतं. उभा केला तर भात्याच्या धक्क्याने घसरतो. ऑनलाइनचे दोन स्टँड परत पाठवले आणि शेवटी आजीची पोथीची लाकडी ठवणी माळ्यावरून काढली, खाली किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी कापून चिकटवली, काम झालं. वर मॅट फिल्म लावली, अक्षर किंचित भुरकट दिसतं पण चमक गेली. हे तीनशे रुपये सगळ्यात चांगले खर्च झाले.

सेटिंगचं एवढं लक्षात ठेवा: स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवा, ऑटो रोटेट बंद, आणि भजनाआधी डू नॉट डिस्टर्ब. पहिल्याच चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याच घरी आरतीत घुमटाचं (ते मातीचं चामडं लावलेलं वाद्य) वाजवणं रंगात आलेलं असताना स्क्रीनवर बँकेचा मेसेज उतरला, पर्सनल लोन मंजूर झालंय म्हणून, आणि शेजारी बसलेल्या काकांनी तो मोठ्याने वाचला.

ओल्या हाताने वापरू नका, तीर्थ घेतल्यावर तर नाहीच. या स्क्रीनला पाण्याचा थेंबसुद्धा बोटासारखा लागतो, पान आपोआप उड्या मारतं. आमच्या टॅबला पाण्याचं रेटिंग नाहीच, पण ज्याला आयपी६८ आहे त्यालाही हेच होणार, ते रेटिंग पाणी आत जाऊ नये म्हणून आहे, पाण्यात स्क्रीन चालावी म्हणून नव्हे. पावसाळ्यात मी टॅब झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. सोबत आलेलं लेदरसारखं कव्हर जुलैतच बुरशीने पांढरं झालं, फेकलं.

आणि ह्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेलेला, देवळाच्या मंडपात भजन, गौळण चालू आणि लाईट गेली. एरवी अशा वेळी सगळे थांबतात, कोणीतरी मोबाइलचा टॉर्च वहीवर धरतो. ह्यावेळी बाबांसमोर पान उजळलेलंच, ते थांबलेच नाहीत, पखवाज पण चालू राहिला, आणि काळोखात भजन असं काही चढलं की मी मनात म्हटलं पैसे वसूल. तेवढ्यात पंख फुटलेल्या वाळव्या आल्या. अख्ख्या मंडपात प्रकाश एकच, बाबांचा टॅब. दोन मिनिटांत स्क्रीन दिसेनाशी झाली, पेटीच्या पट्ट्यांमध्ये पंख, बाबांच्या चष्म्यावर वाळव्या, आणि ते डोळे मिटून पाठ होतं तेवढं म्हणतायत. मागून पुतण्या इमाने इतबारे पान उलटतोय. आता पावसात आम्ही पानाचे रंग उलटे करून ठेवतो, काळ्यावर पांढरी अक्षरं, ब्राइटनेस कमी, थोडा फरक पडतो. थोडाच.

तानपुऱ्याचं अ‍ॅप पण त्यातच आहे. बाबांची पट्टी काळी एक, पण आमची पेटी जुनी आणि जरा चढी, अ‍ॅपचा सूर आणि पेटीचा सूर एकत्र लावले की कानात किडा वळवळल्यासारखं व्हायचं. त्यात बारीक सूर वर-खाली करायची पट्टी असते, ती बाबांनी हळूहळू सरकवत वळवळ थांबवली, ते ऐकत बसणं हाच एक रियाज होता. बॅटरी तीन तासांच्या भजनात तिशीभर टक्के जाते, ठीक आहे.

जाता जाता घड्याळाचं. माझं जुनं स्मार्टवॉच बाबांना दिलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. पहिल्या एकादशीला रात्री आई मला म्हणते, "बघ रे, हे आज चार हजार पावलं चालले, घरात तर काही दिसले नाहीत!" घड्याळ डाव्या मनगटावर, आणि डावा हात भात्यावर. हाताच्या लयीत हलण्यावरूनच ते पावलं मोजतं, त्याला काय माहीत मांडी घातलीय. उजव्या हाताला बांधलं तर पावलं कमी झाली पण बोटांच्या हालचालीने नाडीचा आकडा वेडावाकडा यायला लागला, मागचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्तावरून ठोके मोजतो, पट्टा सैल असला किंवा मनगट सारखं हललं की गडबडतो. आता भजनाला घड्याळ काढून ठेवतात. घामाने चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर धरला होता, जुन्या टूथब्रशने साफ केला की चार्ज होतं. त्याच्यावर ५ एटीएम लिहिलंय म्हणून मिरामारला समुद्रात घालून गेलात तर निदान घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा, ते ५० मीटर म्हणजे स्थिर पाण्याचा दाब, लाटांचा मार आणि मीठ त्यात धरलेलं नसतं.

टॅबला माझ्याकडून पाचातले साडेतीन. खरं पेन चालणारा घेतला असता तर साडेचार दिले असते.

वह्या गेल्या नाहीत. उरलेल्या दोन त्याच डब्यात टॅबखाली असतात, आणि नवीन अभंग मिळाला की बाबा चौथ्या वहीत लिहितात, लाल खुणा करतात आणि मग मला म्हणतात, "हे आत घाल." मधल्या वहीच्या एका पानावर स्कॅन करताना माझा अंगठा आलाय, नखासकट, बरोबर गजराच्या दुसऱ्या ओळीवर. मला पान परत काढायचं होतं, पण मूळ पान त्या चिकटलेल्यातलं, आता परत हात लावला तर फाटेल. बाबांना ती ओळ पाठ आहे. मंडळातले मात्र तो गजर आला की वाकून बघतात, "मास्तर, आला बघा तुमच्या मुलाचा अंगठा."