हरणाची मुंडी, फुकटची टेस्ट आणि एक भंगार खाटीक (विस्कॉन्सिन)

आधीच सांगतो, मुंडी-बिंडी वाचून ज्यांना मळमळतं त्यांनी इथूनच मागे फिरा.

तर विस्कॉन्सिनमध्ये डीएनआर म्हणजे इथलं वनखातं समजा, ते शिकार केलेल्या हरणाची सीडब्ल्यूडी टेस्ट फुकटात करून देतं. मागच्या नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या गन सीझनला (बंदुकीने शिकारीचे दिवस) मी ती पहिल्यांदा वापरली. पाचपैकी साडेचार स्टार. मटण जिथे कापायला दिलं त्या दुकानाला एक, तोही काउंटरवरची बाई गोड बोलली म्हणून.

सीडब्ल्यूडी म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा रोग. १९६७ मध्ये कोलोरॅडोत संशोधनासाठी ठेवलेली हरणं झिजून झिजून मरताना पहिल्यांदा दिसली, आमच्या विस्कॉन्सिनमध्ये २००२ ला मॅडिसनच्या जवळच माउंट होरेबच्या बाजूला सापडला. हा जंतू पण नाही आणि व्हायरस पण नाही, प्रायॉन आहे, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रोटीन, जे शेजारच्या धडधाकट प्रोटीनला पण आपल्यासारखंच वाकडं करतं आणि मेंदूची चाळण होते. कुकरच्या दहा शिट्ट्या काढा नाहीतर रात्रभर शिजवा, काही फरक पडत नाही. हरणाच्या लाळेतून, लघवीतून, लेंड्यांतून ते मातीत जातं आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून तर हाडं-कातडं जंगलात फेकू नका, त्यासाठी ठेवलेल्या डंपस्टरमध्येच टाका असं सांगतात.

मी जातो आयोवा काउंटीत (राज्य नव्हे, विस्कॉन्सिनमधलीच काउंटी, दरवेळी सांगायला लागतं). या नैऋत्य पट्ट्यात प्रमाण भयंकर आहे, काही ठिकाणी मोठ्या नरांमध्ये तीनात एक किंवा त्याहून जास्त.

आता किऑस्क, म्हणजे टेस्टसाठी मुंडी जमा करायची जागा. नाव ऐकून मला वाटलं एटीएमसारखं काहीतरी असेल, निघाली रस्त्याच्या कडेची छोटी शेड. आत फॉर्म, पिशव्या आणि मुंड्या टाकायचा मोठा डबा. माणूस कोणी नाही, रात्री दहाला जा नाहीतर पहाटे चारला. शिंगं आपण आधीच काढून ठेवायची, फॉर्मवर हरीण कुठे मारलं ते नीट लिहायचं, मुंडी पिशवीत, पिशवीला टॅग, आणि बारकोड नंबरची चिठ्ठी खिशात. ती चिठ्ठी हरवू नका, रिझल्ट त्याच नंबरवर बघायचा असतो. मी फोटो काढून ठेवला.

एक गोष्ट माझ्याकडून चुकणार होती. मुंडीसोबत तीन ते पाच इंच मान ठेवायला सांगतात, मी आपला सुरी घेऊन जबड्याच्या अगदी लगत कापायला निघालो तर सोबतचे शेजारचे आजोबा, पन्नास वर्षं शिकार करतायत, हात धरून म्हणाले अरे थांब, टेस्ट त्याच गाठींची होते. घशाच्या मागे बोराएवढ्या लिम्फच्या गाठी असतात, लॅबमध्ये त्या काढून तपासतात. त्या तुटल्या की गेलं सॅम्पल.

मग वाट बघणं. बारा दिवस मटण फ्रीजरमध्ये, वर निळी टेप आणि मराठीत 'हात लावू नका'. बायकोने तर फ्रीजर उघडायचंच सोडलं, आइस्क्रीमसकट.

माझ्या मादीचा रिझल्ट 'नॉट डिटेक्टेड'. इथे अर्धा स्टार कापलाय. चूक कोणाची नाही, पण लोक याचा अर्थ 'सेफ' असा घेतात आणि तसं ते नाहीये. लागण अगदी नवीन असेल तर गाठींमध्ये सापडत नाही, एवढंच. आजोबांचा बक (नर हरीण) मात्र पॉझिटिव्ह निघाला आणि गंमत म्हणजे तो दिसायला एकदम ठणठणीत होता, पाठीवर बोटभर चरबी. लक्षणं दिसायला वर्ष-दीड वर्ष किंवा जास्त पण लागतं, त्यामुळे 'मला बघून कळतं' म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. आजोबांनी सगळं मटण टाकून दिलं, एक शब्द न बोलता.

माणसाला होतो का? आजपर्यंत एकही पक्की केस नाही. पण ब्रिटनमध्ये मॅड काऊ (गाईंचा असाच प्रायॉनचा रोग) पण आधी 'फक्त गाईंचा' होता, १९९६ ला माणसातला प्रकार जाहीर झाला आणि तिथे पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. लॅबमध्ये स्क्विरल माकडांना सीडब्ल्यूडी झालेला आहे, मकाक माकडांवरचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) सल्ला साधा आहे, अशा भागातलं हरीण असेल तर टेस्ट करा, पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका.

आणि आता दुकान. नाव घेत नाही. देताना मी दोनदा विचारलं माझं मटण वेगळं ठेवाल ना, बाई म्हणाली हो हो शुअर. घ्यायला गेलो तेव्हा आतला माणूस सहज बोलून गेला की स्टेक तुमचेच, पण सॉसेजची बॅच चार-पाच जणांची एकत्र करतो, थोड्या थोड्या मटणाला मशीन लावणं परवडत नाही. मी विचारलं बाकीच्यांची टेस्ट झाली होती का, तर खांदे उडवले. अहो मग माझ्या त्या रिपोर्टचं मी काय लोणचं घालू? मुंडी माझ्या हरणाची आणि सॉसेज पाच हरणांचं! पैसे पूर्ण घेतले वर. सॉसेज सगळं दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात. तुम्ही देणार असाल तर 'वेगळं' हे पावतीवर लिहून घ्या आणि सॉसेजचं वेगळं विचारा.

यंदा सेकंडहँड ग्राइंडर घेतलाय, घरीच करणार. हाडं न कापता मटण सोडवायचं, मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा, गाठी यांना हात लावायचा नाही, सुऱ्या आधी घासून स्वच्छ करायच्या आणि मग दोन भाग ब्लीच तीन भाग पाणी यात पाच मिनिटं बुडवायच्या (सुरीला मांसाचा कण चिकटलेला असेल तर ब्लीच आतपर्यंत पोचत नाही, म्हणून घासणं आधी). प्रत्येक पाकिटावर बारकोडचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहितोय. बायको म्हणते फ्रीजर आहे की बँकेचा लॉकर.