तुर्की प्रवासवर्णनं आणि तुर्की शिकवणारं ॲप: दोन्ही सोबत वापरल्यानंतरचा अनुभव

सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात असलो की 'टर्किश टॉवेल' दिवसभर तोंडी असतो, पण त्या देशाबद्दल मला इस्तंबूलपलीकडे काही ठाऊक नव्हतं. म्हणून वाचनालयातून तुर्कस्तानची प्रवासवर्णनं आणायला लागलो आणि मोबाइलवर तुर्की भाषेचं एक फुकट ॲप घेतलं. वर्ष होत आलं.

पुस्तकं जुनी असली तरी चालतात, एवढं आधी सांगतो. एकात इस्तंबूलची आया सोफिया ही जुनी वास्तू अजून संग्रहालय आहे; २०२० पासून तिथे पुन्हा नमाज होते. एकात साध्या चहाचे लाखांत लिरा मोजलेत, कारण सरकारने नोटांवरची सहा शून्यं २००५ मध्ये काढली, पुस्तक त्याआधीचं. असं काही अडलं की शोधायचं, त्यातूनच देशाचा अलीकडचा इतिहास कळत जातो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मी वाचलेले बहुतेक लेखक एकाच वाटेने जातात: इस्तंबूल, कापादोक्या, एफेसस, पामुक्काले. पामुक्कालेच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांवर पानंच्या पानं, आणि तिथून जवळच असलेलं देनिझली शहर फक्त बस बदलण्यापुरतं. अहो, देनिझली म्हणजे टॉवेलचं गाव! पलीकडचं बुल्दान तर विणकरांचंच. आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडवर टॉवेल विणणाऱ्या माणसाला नेमकं तेच बघायचं असतं.

तिथे भाषा कामी आली. 'हाव्लू' म्हणजे टॉवेल, 'दोकुमा' म्हणजे विणकाम, एवढ्या दोन शब्दांवर तिथल्या कारागिरांचे व्हिडिओ सापडले. एकजण मागावर हात ठेवून दाखवत होता: उभ्या धाग्यांचे दोन बीम, एक ताठ, एक सैल, फणीने ठोकलं की सैल धाग्याचे फासे वर उभे राहतात. निम्मं बोलणं कळलं नाही, काम सगळं कळलं. कुठल्याच पुस्तकाने मला देनिझली इतकं जवळ आणून दिलं नव्हतं.

ॲपबद्दल थोडक्यात. रोजचा सराव होतो, उच्चार ऐकायला मिळतात. १९२८ पासून तुर्की रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे वाचणं लवकर जमतं. फक्त ठिपक्याचा आणि बिनठिपक्याचा 'आय' ही दोन वेगळी अक्षरं आहेत, तेवढं सांभाळायचं. शिकवणं मात्र सगळं इंग्रजीतून, आणि नियम समजावून सांगणं जवळजवळ नाहीच. मराठी माणसाला याचा तोटा होतो. तुर्कीत क्रियापद शेवटी येतं आणि प्रत्यय शब्दालाच चिकटतात. मराठीतून सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात उमगलं असतं.

मला सर्वात आवडलेली गोष्ट व्याकरणातली आहे. माणूस आलेला स्वतः पाहिला असेल तर 'गेल्दी', नुसतं ऐकलं असेल किंवा खुणांवरून ताडलं असेल तर 'गेल्मिश'. सोलापूरकराला हे शिकवायला नको. आपण 'आला म्हणे' म्हणतो, शेजारच्या तेलुगू घरात 'वच्चाडट', कन्नड घरात 'बंदनंते'. हे कळल्यापासून मी प्रवासवर्णन वेगळं वाचतो. लेखकाने डोळ्यांनी पाहिलेलं कुठे संपतं आणि गाइडचं सांगणं कुठे सुरू होतं, हे पेन्सिलने वहीत टिपून ठेवतो. सतराव्या शतकातल्या एवलिया चेलेबीने उस्मानी मुलखाचं दहा खंडांचं प्रवासवर्णन लिहिलं. त्यातल्या वेच्यांचं इंग्रजी भाषांतर वाचताना ही सवय फार उपयोगी पडली, कारण तो पाहिलेलं आणि रंगवलेलं बेमालूम मिसळतो.

एक प्रकरण मात्र जड गेलं. एका पुस्तकात अंताक्याच्या जुन्या बाजाराचं सुरेख वर्णन आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्या शहराचा बराचसा भाग जमीनदोस्त झाला. 'देप्रेम' म्हणजे भूकंप, हा शब्द मी ॲपमध्ये नाही, तिथल्या बातम्यांच्या मथळ्यांत शिकलो. आता ते प्रकरण पुन्हा वाचतो तेव्हा जे टिकून राहिलं असेल त्याची नावं शोधतो.

कुणाला घ्यायचं असेल तर ॲपचे पैसे भरू नका, फुकटातलं पुरतं. मात्र आधी पुस्तक निम्मं वाचा, मग ॲप उघडा; उलट क्रमाने केलं तर शब्द कुठल्या गावाशी जोडायचे हेच कळत नाही. मी सध्या हालिदे एदिब यांचं लिखाण मागवलंय. या तुर्की लेखिका १९३५ मध्ये भारतात आल्या होत्या, जामियात व्याख्यानं दिली आणि परतल्यावर भारतावर पुस्तक लिहिलं. वाचून झालं की त्याबद्दलही लिहीन.