स्कीचा आठवडा: शॅले घ्यावं की अपार्टमेंट?

फेब्रुवारीच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळांच्या मधल्या सुट्टीत, फ्रेंच आल्प्समध्ये जायचं एकदा ठरलं, की इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींचा पुढचा वाद राहण्यावरून असतो. जेवणाखाणासकट शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, की स्वतः रांधायचं अपार्टमेंट? आमचं दोन्हीकडे राहून झालंय.

पैशांचं आधी उरकतो. शॅलेचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. पण त्यात सकाळचा नाश्ता, बर्फातून परतल्यावर चहा-केक आणि रात्रीचं साग्रसंगीत जेवण, तेही वाइनसकट, धरलेलं असतं. अपार्टमेंटच्या भाड्यात पुष्कळदा चादरी-टॉवेलही नसतात. निघायच्या सकाळी घासूनपुसून द्यायचं, नाहीतर डिपॉझिट कापलं जातं. रिसॉर्टमधल्या दुकानात तर टोमॅटो घेतानाही हात आखडतो. एवढं करून अपार्टमेंटच स्वस्त पडतं, पण वाटलं होतं तेवढं नाही.

स्वयंपाकघराचं सुख मात्र अपार्टमेंटचंच. वाल तोराँस हे स्की-रिसॉर्ट २३०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. छोटा कुकर बॅगेत टाकाच. रात्री गरम खिचडी, वर तूप, सोबत भाजलेला पापड, आणि कोणी घड्याळ बघत नाही. शॅलेत शाकाहारी असल्याचं आधी कळवलं की सोय होते, पण ती सोय म्हणजे बकरीच्या दुधाचं चीज. आज टार्टमध्ये, उद्या भोपळी मिरचीत, परवा बीटावर. रांधणारी पोरं बहुधा विशीतली, सीझनपुरती आलेली. मनापासून करतात, पण फोडणीची अपेक्षा ठेवू नये. आठवड्यात एक दिवस, बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी, त्यांची सुट्टी असते. त्या रात्रीचं रेस्टॉरंट वेळेत बुक केलं नाहीत तर हाफ-टर्मच्या गर्दीत टेबल मिळणं मुश्कील.

जागेचं म्हणाल, तर ‘चार जणांचं’ अपार्टमेंट म्हणजे दोघं सोफ्यावर आणि दोघं दाराजवळच्या कोनाड्यात, वर-खाली बंकवर. पण दारातून निघालात की पायात स्की. शॅले पुष्कळदा डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टपासून लांब, चढावर असतं आणि तिथल्या मिनीबसची वाट बघावी लागते.

शॅलेतल्या सोबतीचा प्रश्न ज्याच्या त्याच्या स्वभावाचा. दहा-बारा जणांचं घर आपल्याच माणसांनी भरलं तर मजाच. नाहीतर आठवडाभर अनोळखी माणसांसोबत एकाच लांब टेबलावर जेवायचं. मेरिबेल हे रिसॉर्ट १९३८ साली पीटर लिंडसे या स्कॉटिश माणसाने उभारायला घेतलं आणि तिथे आजही इंग्रजांचा राबता आहे, त्यामुळे गप्पांना भाषेची अडचण नाही. घरांच्या किमतींवरून गाडी पुढे सरकायला दोन-तीन रात्री लागतात, एवढंच. आमच्या मुलांना तिथे पत्ते खेळायला भिडू मिळाले. माझ्या मेहुण्याला मात्र तिसऱ्या रात्रीपासून नेमकं जेवणाच्याच वेळी डोकं दुखायला लागलं.

आता माझ्यापुरता निकाल लावणारी गोष्ट, आणि ती जेवण नाही. बूट! आम्ही राहिलो त्या अपार्टमेंटचा स्की-लॉकर तळघरात, बिनहीटरचा. संध्याकाळी ओले ठेवलेले बूट सकाळी ओलेच, वर गारठलेले. स्कीबुटाचं प्लास्टिक गार पडलं की आडमुठं होतं. बाकड्यावर बसून दोन्ही हातांनी कवच फाकवा, बुटाची जीभ पुढे ओढा, टाच आपटा, तरी पाय घोट्यापाशी अडतो तो अडतोच. आपलं एकवेळ निभतं. पण शेजारी सात वर्षांची पोरगी रडकुंडीला आलेली, नऊला तिचा स्की-स्कूलचा वर्ग, आणि तिच्या बुटात पाय घालायला आपण जमिनीवर गुडघे टेकून बसलेलो. रोज सकाळी. मग रात्री बूट वर खोलीत आणून ठेवले, तर त्या एवढ्याशा जागेत मोज्यांच्या वासाने झोप येईना.

शॅलेत तळमजल्यावर बूट-रूम होती. भिंतीवर गरम हवेच्या नळ्या, त्यांवर बूट उलटे टांगायचे. सकाळी बूट कोरडे, कोमट, मऊ. पाय सरकन आत. नव्या अपार्टमेंट-इमारतींतही आता अशी सोय दिसते म्हणतात, आणि सगळ्याच शॅलेत ती असेल असंही नाही. तेव्हा बुक करण्याआधी केकचं नंतर विचारा, हे आधी विचारा.

मित्रांचं टोळकं असेल, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायचं असेल किंवा घरात वरण-भाताशिवाय न चालणारं कोणी असेल, तर अपार्टमेंट घ्या. फक्त रात्री बुटांची आतली अस्तरं बाहेर काढून वाळत घाला, रेडिएटरवर नव्हे, जरा लांब. लहान मुलं असतील आणि खिसा परवानगी देत असेल, तर मी तरी शॅलेच सुचवेन. कुकर न्यायला हरकत नाही. रांधणाऱ्या पोरांच्या सुट्टीच्या रात्री, त्यांना आधी विचारून, स्वयंपाकघर वापरता येतं का बघा.