त्सुमागोचं मिंशुकु: एक रात्र पण पुरली नाही

एप्रिलच्या मध्यात जपानला गेलो होतो तेव्हा क्योतोची गर्दी सोडून किसो खोऱ्यात त्सुमागोला एक रात्र राहिलो, मिंशुकुमध्ये, म्हणजे घरगुती लॉजच, जेवणखाण घरच्यांच्याच हातचं. हे गाव एदो (म्हणजे जुनं टोकियो) ते क्योतो जाणाऱ्या जुन्या नाकासेंदो रस्त्यावरच्या 69 मुक्कामांपैकी एक, विजेच्या तारासुद्धा मुख्य रस्त्यावर दिसू देत नाहीत आणि दिवसा गाड्या बंद, त्यामुळे संध्याकाळी टुरिस्ट गेले की नुसता पाण्याचा आवाज.

त्याच रस्त्यावरच्या शेजारच्या मागोमे गावाहून चालत आलो, साधारण 8 किलोमीटर, याच दिशेने चाला कारण चढ कमी लागतो. वाटेत अस्वलांना दूर ठेवायला घंटा टांगल्यात, त्या जोरात वाजवायच्या! मधल्या जुन्या चहाच्या घरात फुकट चहा मिळाला आणि बाहेर साकुरा (चेरीचं झाड) फुललेला, तिथून पाय निघेना.

आता रूम. तातामीवर (गवती चटयांची जमीन) फुतोन, म्हणजे जमिनीवर घालायची गादी, बाथरूम कॉमन, भिंती पातळ, शेजारचं घोरणं ऐकू येतं. पण हिनोकी या सुगंधी जपानी लाकडाच्या टबात गरम पाण्यात बसलो आणि त्या वासानेच सगळा थकवा गेला. जेवणात रानभाज्यांचा तेंपुरा, म्हणजे भज्यांसारखा तळलेला प्रकार, बाहेर गोहेई मोची नक्की खा, कुटलेल्या भाताची, गोडसर खमंग चटणी लावून भाजलेली.

शाकाहारी लोकांनी बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा. आम्ही नुसतं "मांस-मासे नको" लिहिलं आणि सूपमध्ये दाशी, म्हणजे माशाचा अर्क, आलाच, बायको अर्धी उपाशी झोपली, याचं वाईट वाटलं. एप्रिलमध्ये रात्री थंडी असते, स्वेटर न्या. पुढच्या वेळी दोन रात्री राहणार.