रॅम घेताना: ५६०० सीएल४६ की ६००० सीएल३०?

ठाण्यात किंवा वाशीत संगणक जुळवून घ्यायला गेले की डीडीआर५ रॅमचे असे दोन पर्याय हमखास समोर येतात. क्षमता (किती जीबी) सारखीच, दुसरा थोडा महाग. दुकानदार बोट ठेवतो ते पहिल्या आकड्यावर, म्हणजे ५६०० किंवा ६००० या वेगावर. खरा फरक मात्र दुसऱ्या आकड्यात, म्हणजे सीएलमध्ये आहे.

५६०० म्हणजे सेकंदाला ५६० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण. प्रत्येक वेळी ८ बाइट जातात, म्हणून एका पट्टीची कमाल वहनक्षमता सेकंदाला ४४.८ गिगाबाइट होते. ६००० ची ४८. हा फरक जेमतेम सात टक्क्यांचा आहे.

सीएल म्हणजे मागितलेली माहिती रॅमकडून येऊ लागेपर्यंतचा विलंब. पण हा आकडा वेळ सांगत नाही, रॅमच्या घड्याळाचे ठोके सांगतो, आणि ठोक्याची लांबी वेगानुसार बदलते; त्यामुळे वेगवेगळ्या रॅमचे सीएल थेट ताडून पाहणे चुकीचे ठरते. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की हा विलंब नॅनोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जाव्या भागांत) मिळतो: पहिलीचे १६.४, दुसरीचे १०. जुन्या डीडीआर४ ३२०० सीएल१६ चेही नेमके १० च येतात. ठाणे स्थानकावर गाडीला डबे बारा की पंधरा हा एक प्रश्न आणि ती किती मिनिटांनी येणार हा दुसरा, तसेच हे आहे: डबे म्हणजे वहनक्षमता, मिनिटे म्हणजे विलंब.

तरीही ६ नॅनोसेकंदांचा फार बाऊ करू नये. प्रोसेसरला लागणारी बरीचशी माहिती त्याच्या कॅशमध्येच, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या वेगवान साठ्यातच सापडते, आणि रॅमपर्यंत जावे लागलेच तर मेमरी कंट्रोलरसह (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागासह) संपूर्ण फेरीला साधारणतः ६० ते १०० नॅनोसेकंद लागतात. कार्यालयीन कामे, अभ्यास आणि ब्राउझर एवढाच वापर असेल तर माझ्या मते ५६०० घ्यावी आणि वाचलेले पैसे क्षमतेवर घालावेत. वेगवान ग्राफिक्स कार्डावर गेम खेळणाऱ्याने, विशेषतः एएमडीचा रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर असल्यास, ६००० सीएल३० घ्यावी. ६००० सीएल४० मात्र केवळ ६००० पाहून उचलू नये, तिचे १३.३ नॅनोसेकंद होतात.

दोन्हींपैकी काहीही घेतले तरी एका पट्टीऐवजी दोन घ्याव्यात, म्हणजे वहनक्षमता दुप्पट होते. ६००० ची रॅम बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो ही रॅमच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग सुरू केल्याशिवाय त्या वेगाने चालत नाही, अनेकदा ४८०० वरच राहते. म्हणून पैसे देण्यापूर्वी टास्क मॅनेजरमधील मेमरीचा वेग दुकानातच पाहून घ्यावा.