गच्चीवरचा ठिबक संच: खोक्यातला घ्यावा की सुट्टा?

सोलापुरात गच्चीवर वीस कुंड्या जगवायच्या म्हटलं की अडचण खताची नसते, पाण्याची असते. उजनी धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी पाणी सुटलं की आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं, आणि उरलं तर झाडांचं. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की सकाळी भिजवलेली बारा इंची कुंडी संध्याकाळी कोरडी ठणठणीत होते आणि वांगी-टोमॅटो माना टाकतात. अशा घरांसाठी ‘गच्चीच्या बागेचा ठिबक संच’ नावाचं खोकं ऑनलाइनही मिळतं आणि दुकानातही. किंमत साधारण आठशे ते हजार. त्यात काळी नळी, तीस ते पन्नास ड्रीपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या), बारीक नळी, थोडे जॉइनर, मातीत खोचायच्या काड्या आणि भोक पाडायचा पंच असतो.

संच कामाचा आहे. पाणी वाचतं, हे खरं आहे. पण खोक्यातला निम्माच माल आपल्या गच्चीला लागू पडतो. उरलेला अर्धा नळाच्या किंवा मोटारीच्या दाबावर चालेल असा बनवलेला असतो, आणि आपण तो पिंपाला जोडतो. तक्रारी सुरू होतात त्या इथूनच.

ड्रीपरवर ‘४ लिटर’ लिहिलेलं असतं. म्हणजे तासाला ४ लिटर, पण कधी? पाण्याची टाकी ड्रीपरपेक्षा १० मीटर उंच असेल तेव्हा. आपलं पिंप ठेवलेलं असतं दोन-अडीच फुटांच्या ओट्यावर. दाब कमी झाला की पाणी त्याच प्रमाणात कमी होत नाही, दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होतं. पाण्याची पातळी ड्रीपरच्या वर १ मीटर असेल तर ४ लिटरचा ड्रीपर तासाला सव्वा लिटर देतो. पिंप तळाला येऊन पातळी ६० सेंटिमीटरवर आली की जेमतेम एक लिटर. ड्रीपर खराब निघाला असं नव्हे, तो या दाबाला एवढंच देणार. खात्री करायची तर पाच मिनिटं खाली पेला धरा. १०० मिलिलिटर जमलं तर तासाला १२०० झालं. नळीवरचा पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन ड्रीपर मोजले की सगळ्या संचाची तब्येत कळते.

आता कुंडीचं गणित. भर उन्हाळ्यात बारा इंची कुंडीतल्या वांग्याला किंवा टोमॅटोला दिवसाला दीड ते दोन लिटर लागतं, मोगरा-जास्वंदीला एक ते दीड, दहा इंची कुंडीतल्या तुळशीला पाऊण लिटर. कोरफडीला ठिबक लावूच नका, कुजते. वीस कुंड्यांची सरासरी धरली तर दिवसाला २५ लिटर. २०० लिटरच्या पिंपातलं तळाचं दहा-बारा लिटर गाळाला सोडलं तरी एक पिंप सात दिवस पुरतं. म्हणजे पुढचं पाणी सुटेपर्यंत बाग निभावते, वर दोन दिवसांची शिल्लक. बादली-तांब्यानं घालताना कुंडीच्या तळातून जे वाहून जातं आणि गच्चीवर पसरून वाळतं, ते सगळं इथे वाचतं. काटकसरीच्या घराला एवढं कारण पुरे.

पिंप निळं किंवा काळं घ्या. पांढऱ्या, उजेड आरपार जाणाऱ्या पिंपात पंधरा दिवसांत शेवाळ धरतं, आणि तेच ड्रीपरमध्ये जाऊन बसतं. भरलेलं पिंप दोनशे किलोंच्या वर जातं, म्हणून ते स्लॅबच्या मध्यावर न ठेवता खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. आठ इंच उंचीच्या सिमेंट ब्लॉकचे तीन थर रचले की साठ सेंटिमीटर उंची मिळते. तळापासून दोन बोटं वर २१-२२ मिलिमीटरचं भोक पाडून अर्ध्या इंचाचा टँक निपल, म्हणजे पिंपातून पाणी बाहेर काढायचा आट्यांचा जोड, बसवा. रबरी वॉशर आतून, टेफ्लॉन टेप दहा-बारा वेढे, आट्यांच्या दिशेनं. उलटी गुंडाळली तर घट्ट करताना ती सुटून गोळा होते आणि थेंब थेंब गळत राहतं. निपलनंतर बॉल व्हॉल्व्ह (पाणी उघड-बंद करायची चावी), मग नळी. हे सामान खोक्यात नसतं. दीडशेच्या आसपास वेगळे धरून चाला.

खोक्यातली १६ मिलिमीटरची काळी नळी बहुधा चांगली निघते. ती वेटोळ्यातून काढून तासभर उन्हात पसरा, सरळ होते. जोड देण्याआधी टोक पंधरा सेकंद गरम पाण्यात बुडवा, जॉइनर सहज आत जातो आणि नळी थंड झाली की पक्का धरतो. पंच काटकोनात दाबायचा. तिरपा गेला तर भोक लांबट होतं, ड्रीपर हलतो, बाजूनं पाणी झिरपतं. चुकलेल्या भोकाला दुकानदार ‘डमी’ म्हणतात ती टोपी मिळते. ती पाच-सहा जास्तच आणा.

बारीक ४ मिलिमीटरची नळी मात्र पारखून घ्या. काही खोक्यांत ती हिरवट, पारदर्शक येते. आपल्या उन्हात ती कडक होऊन तडकते, आणि त्याआधी आतून हिरवी पडते. काळीच हवी. तिची लांबी दोन फुटांच्या आत ठेवा. इतक्या कमी दाबाला लांब बारीक नळीतच निम्मा जोर खर्ची पडतो.

खोक्यावरच्या चित्रात कुंड्या पायऱ्यांच्या स्टँडवर छान मांडलेल्या दिसतात. पिंपाच्या ठिबकला तीच मांडणी मारक ठरते. खालच्या कुंडीला १ मीटरचा दाब मिळत असेल आणि वरची दीड फूट उंच असेल, तर वरचीला तासाला सुमारे सव्वानऊशे मिलिलिटर पाणी मिळतं तिथे खालचीला साडेबाराशे. वरच्या झाडाची पानं करपतात आणि खालच्याची मुळं कुजतात, पाणी मात्र दोघांना सारखंच दिलंय असं वाटतं. कुंड्या एका पातळीवर आणा. ते जमत नसेल तर वरच्या कुंडीला दोन ड्रीपर द्या.

नळी मधे कुठे उंच उचलली गेली असेल, दारावरून किंवा पाइपवरून, तर त्या कमानीत हवा अडकते आणि पुढच्या सगळ्या कुंड्या बंद पडतात. मोटारीचा दाब ती हवा ढकलून लावतो, पिंपाचा नाही. नळी पिंपापासून शेवटापर्यंत उतरती किंवा सपाट ठेवा, आणि पिंप भरल्यावर शेवटची टोपी काढून पाणी सलग वाहेपर्यंत थांबा. आणखी एक साधी गोष्ट: झाकण हवाबंद लावलं तर थोडं पाणी जाऊन पुढचं थांबतं. झाकणाला चार बारीक भोकं हवीत. त्यावर आतून मच्छरदाणीचा तुकडा लावा. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून पिंप दर आठवड्याला रिकामं झालं की आतली कड घासून मगच पुन्हा भरा.

गाळणीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या संचाचं आयुष्य तिच्यावर आहे. खोक्यातली अंगठ्याएवढी गाळणी पिंपाच्या दाबाला दोन दिवसांत तुंबते. तिच्याऐवजी पाणी पिंपात ओततानाच गाळा. त्यासाठी जुना टॉवेल मात्र वापरू नका. सोलापूरच्या घरात जुन्या टॉवेलांना तोटा नाही, हात आपोआप तिकडेच जातो. पण टेरी टॉवेलच्या अंगावर सुताचे उभे फासे असतात. जुना झाला की त्यांतून बारीक तंतू सुटतात, पाण्याबरोबर नळीत जातात आणि ड्रीपरच्या वाटेत कापसाच्या बोळ्यासारखे गोळा होतात. ड्रीपर उघडला की पांढरं, बुळबुळीत, केसासारखं काहीतरी निघतं, ते हेच. सपाट विणीचा पंचा किंवा जुनं सुती पातळ चार पदरी करून पिंपाच्या तोंडाला बांधा. ओतून झालं की झटकून वाळत घाला.

बोअरचं पाणी असेल तर गाळणी कितीही चांगली असली तरी क्षार आत येणारच. काळ्या पाषाणातलं आपलं पाणी जड. ड्रीपरच्या तोंडाशी थेंब वाळतो आणि चुन्याचा कण मागे ठेवतो. महिन्या-दीड महिन्यात तिथे पांढरी टोपी चढते, थेंब वाकडा पडू लागतो, मग बंद. ड्रीपर सुईनं टोकरू नका, वाट मोठी होऊन तो कायमचा जास्त पाणी सोडतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्व विरघळवा आणि ड्रीपर त्यात तासभर बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे येतात, क्षार सुटतो. नंतर साध्या पाण्यानं धुऊन फुंकर मारून बघा. पांढरं व्हिनेगरही चालतं. शेतात आम्लप्रक्रियेला वापरतात ते तीव्र आम्ल घरी आणू नये, आणि कुठल्याही आम्लात ब्लीचिंग पावडर तर कधीच मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

म्हणूनच ड्रीपर निवडताना उघडता येणारा निवडा. लाल टोपी फिरवून धार कमी-जास्त करता येते तो ड्रीपर पिंपाला उत्तम, कारण टोपी काढून तो धुता येतो. त्याची खोड एकच: पहिल्या दोन-तीन टोप्या जास्त उघड्या राहिल्या तर शेवटच्या कुंड्या उपाशी राहतात. शेवटून सुरुवात करा. शेवटची टोपी सर्वांत जास्त उघडी, पिंपाजवळची सर्वांत कमी. काही महाग खोक्यांत ‘दाब नियंत्रित’ ड्रीपर देतात. त्यांच्या आतला रबरी पडदा ठरावीक दाबाखाली नीट काम करत नाही. मोटारीवर ते फार चांगले, पिंपावर पैसे वाया.

टायमरचंही तसंच. ज्या टायमरमध्ये विजेच्या चुंबकावर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला उघडायला पाण्याचा दाब लागतो. पिंपाला जोडला तर तो टकटक आवाज करतो आणि पाणी येत नाही. पिंपासाठी आत बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा, शून्य दाबावर चालणारा टायमर मागा. विक्रेता ‘सगळ्याला चालतो’ म्हणाला तरी खोक्यावर किमान दाबाचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

मे महिन्यात चार दिवस गावी जाताना बॉल व्हॉल्व्ह थोडासा उघडा ठेवून जाण्याची युक्ती करू नका. वीस ड्रीपर मिळून तासाला २५ लिटर सोडतात, म्हणजे भरलेलं पिंप आठ तासांच्या आत रिकामं. व्हॉल्व्ह अर्धवट उघडला तर जवळच्या कुंड्या भिजतात, लांबच्यांना थेंब मिळत नाही. टायमर नसेल तर शेजारच्या काकूंना रोज सकाळी एक तास व्हॉल्व्ह उघडायला सांगणं हाच भरवशाचा उपाय.

पाणी सकाळी लवकर सोडावं. दुपारी तीनला काळ्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि पहिलं तेच मुळांवर पडतं. कुंडीत नुसती काळी माती असेल तर ती वाळून कडेनं भेगाळते आणि थेंब भेगेतून थेट तळाला जातो. काळी माती, वाळू किंवा बारीक मुरूम आणि मुरलेलं शेणखत सारखं घेतलं की ओल नीट पसरते. नुसता कोकोपीट एकदा कडक वाळला की पाणी धरतच नाही, तेव्हा ठिबक सुरू करण्याआधी कुंडी एकदा हातानं पूर्ण भिजवा. वरून दोन इंच आच्छादन हवंच. शेंगांची टरफलं आपल्याकडे मुबलक, उसाचं पाचटही. टरफलं उडत नाहीत, हळूहळू कुजतात, आणि हात घालून पाहिलं तर दुपारी दोनलाही खालची माती गार लागते. महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीला बादलीनं भरपूर पाणी घालून तळातून जाऊ द्या, नाहीतर थेंबाभोवती क्षाराचं पांढरं कडं धरतं.

जीवामृत, ताकाचं पाणी, तांदळाचं धुवण पिंपात घालू नका, नळी आतून चिकट होते. ते हातानंच द्या. आरओचं सांडपाणी आधीच क्षारानं भरलेलं असतं, ते फरशीला वापरा. एसीचं पाणी चालतं. खार उन्हाळ्यात पाण्यासाठी नळी कुरतडते. जवळ मातीच्या परळात पाणी ठेवलं की नळीला सहसा तोंड लावत नाही.

आता पैशांचं. आपल्या जिल्ह्यात डाळिंब, द्राक्ष, ऊस सगळं ठिबकवर. त्यामुळे शेतीच्या ठिबकचा सुट्टा माल विकणारी दुकानं शहरात सहज सापडतात. वीस कुंड्यांना १२ मीटर जाड नळी, १० मीटर काळी बारीक नळी, २५ उघडता येणारे ड्रीपर, चार-पाच जॉइनर, दोन एल्बो, दोन टोप्या, डमी आणि पंच, एवढं साधारण चारशे ते साडेचारशेत बसतं. खोक्याच्या निम्म्यात, आणि तुटलं तर तोच तुकडा पुन्हा मिळतो. काही खोक्यांतल्या नळीचं माप आपल्याकडच्या जॉइनरला जुळत नाही, एक जोड फुटला की सगळंच अडतं. दुकानदार एवढ्या छोट्या खरेदीला कंटाळेल असं वाटून बिचकू नका. कुंड्यांची मांडणी कागदावर काढून न्या आणि पिंपाची उंची सांगा, म्हणजे तो मोटारीचा माल बांधून देणार नाही. खोकं घ्यायचंच असेल तर ते गावाबाहेरच्या नातेवाइकाला भेट द्यायला, जिथे सुट्टा माल मिळत नाही तिथे.

ठिबक नीट बसलं की सहाव्या-सातव्या दिवशी मोगऱ्याच्या जुन्या फांदीवर डोळे फुगलेले दिसू लागतात. त्या आठवड्यात धार वाढवू नका, आहे तीच ठेवा. पाणी एकदम वाढलं की मोगरा पानावर जातो आणि कळी कमी धरतो.