पावसाने मकबरा बंद होत नाही

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई, माझे यजमान, मी आणि आमची दोन मुले असे पाच जण छत्रपती संभाजीनगर पाहण्यास गेलो होतो. नणंदेचे लग्न दिवाळीनंतर ठरले होते आणि तिच्यासाठी पैठणी घेणे हेही त्या प्रवासातले एक काम होते. दिवसभरासाठी ठरवलेल्या गाडीत बसल्यापासून आम्ही रंग, काठ आणि आपली ऐपत यांविषयी इतके मोकळेपणाने बोलत होतो, की चालकाला आमच्या खिशाचा अंदाज आम्हीच करून दिला, असे म्हणावे लागेल.

तो मंगळवार होता. चालकाने सुरुवातीलाच सांगितले, की वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी. त्यामुळे आज शहरातलीच ठिकाणे पाहावीत. हे अगदी खरे होते. आमच्याकडच्या माहितीशी ते जुळल्यामुळे पुढे त्याने जे सांगितले तेही आम्ही पडताळून पाहिले नाही.

सकाळी पाणचक्की पाहिली. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांमधून इथवर आणून, ते उंचावरून हौदात पाडून, त्या जोरावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळण्याची सोय केलेली होती. मुले तिथे चांगली रमली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मात्र पावसाचा जोर इतका वाढला होता, की छत्र्या असूनही सगळे भिजलो. गाडीत बसताच चालक म्हणाला, "मावशी, एवढ्या पावसात मकबऱ्याचं गेट बंद करतात. फरशी निसरडी होते ना. तासाभरानं उघडेल. तोवर इथं एक कारखाना आहे, विणकर बसलेले असतात, बघून घ्या. घ्यायचंच असं काही नाही." बीबी का मकबरा तिथून काही मिनिटांवर होता. यजमानांनी गाडी फाटकापर्यंत न्यायला सांगितले असते, तर उघडे फाटक आम्हाला स्वतःच दिसले असते. पण भिजलेली मुले आणि सासूबाईंचे गुडघे यांच्यापुढे कोणाला तेवढा उत्साह राहिला नव्हता.

त्या कारखान्यात शिरताच समोर हातमाग होता आणि त्यावर एक वयस्कर विणकर खरोखरच पैठणीचा पदर विणत होते. लहान कांड्यांवरचे रंगीत धागे एकेक करून ताण्यातून नेत त्यांनी मुलांना मोराचा तुरा कसा उमटतो ते दाखवले. त्यांच्या कामात काही खोट नव्हती, असे मला आजही वाटते. त्यानंतर आम्हाला आतल्या दालनात नेऊन गादीवर बसवले, चहा दिला आणि साड्यांची चळत उलगडायला सुरुवात केली. मागावरची साडी आणि चळतीतली साडी यांचा परस्पर संबंध काय, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

सासूबाईंना अंजिरी रंगाची, हिरव्या काठाची आणि पदरावर बांगडी मोर असलेली साडी आवडली. विक्रेत्याने दुकानाच्या कार्डामागे "हातमाग पैठणी, शुद्ध रेशीम, 28,000" असे लिहिले आणि मग ती किंमत खोडून 17,500 केली. पदराची मागची बाजू पाहावी म्हणून मी हात पुढे केला, तेव्हा "ताई, घडी मोडली की चमक जाते" असे म्हणून त्याने साडी हसतहसत पुठ्ठ्यावर बसवली. मी गप्प बसले, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण उलटी बाजू पाहावी एवढे मला माहीत होते. पैसे मोबाइलवरून दिले, तेव्हा दुकानाचे नाव न दिसता एका व्यक्तीचे नाव दिसले. तेही आम्ही सोडून दिले.

दुपारी चार वाजता मकबऱ्यापाशी पोहोचलो. तिकीट देणाऱ्या कर्मचाऱ्यास यजमानांनी सहज विचारले, तेव्हा सकाळपासून फाटक क्षणभरही बंद नव्हते असे कळले. तेव्हाच परत फिरायला हवे होते. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिच्यासाठी तिचा मुलगा आझम शाह याने बांधलेल्या या कबरीच्या भिंतींना खालच्या भागातच संगमरवर आहे आणि त्यावर दगडी बांधकामाला पांढरा गिलावा केलेला आहे, असे तिथल्या मार्गदर्शकाने दाखवले. त्या बांधकामाने आपली काटकसर कोणापासून लपवलेली नाही, एवढा विचार मात्र नंतर अनेकदा मनात आला.

फसवणूक उघडकीस आली ती घरी परतल्यावर तीन आठवड्यांनी. फॉल-बीडिंगसाठी साडी दिली, तेव्हा ते काम करणाऱ्या ताईंनी पदर उलटा केला आणि विचारले, "ही पैठणी म्हणून घेतलीत का?" मागच्या बाजूला मोरांच्या आकाराभोवती कापलेल्या धाग्यांची लव पसरली होती. हाताने विणलेल्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या आकारापुरताच जातो आणि शेजारच्या रंगात गुंतून परततो. यंत्रमागावर तोच धागा मागून मोकळा धावतो आणि नंतर कापला जातो. त्यांनी काठातून एक धागा ओढून जाळला. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटांत चुरते. आमच्या धाग्याचा मात्र वितळून कडक मणी झाला.

मग पावती काढली. तिच्यावर "आर्ट सिल्क साडी, 1 नग" असे लिहिले होते. आम्ही ते कलाकुसरीचे रेशीम असे समजून वाचले होते. व्यापारात आर्ट सिल्क म्हणजे कृत्रिम रेशीम. म्हणजे पावतीवर दुकानदाराने खरे तेच लिहून दिले होते, आणि खोटे जे होते ते तोंडी होते. चालकाचेही तसेच होते. वेरूळ खरोखर बंद होते, विणकर खरोखर विणत होते. त्या खऱ्याच्या आडोशाने एकेक खोटे पुढे सरकले.

दूरध्वनीवर दुकानाने "पावती वाचून घ्यायची होती" एवढेच उत्तर दिले. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, परंतु दुकानाने तिथेही दाद दिली नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तक्रारदारास आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे जाता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, हे वकील असलेल्या माझ्या चुलतदिरांकडून समजले. दुकानदाराच्या गावी हेलपाटे घालावे लागतील या भीतीने अनेक जण गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. सासूबाईंनी दुकानाचे ते कार्ड पर्समध्ये जपून ठेवले होते, हे आमचे भाग्य, कारण विक्रेत्याच्या अक्षरातले "हातमाग" आणि "शुद्ध रेशीम" हे शब्द आज आमच्याकडचा एकमेव लेखी आधार आहेत. ज्यांना पैठणी घ्यायची असेल त्यांनी हे शब्द पावतीवरच लिहून मागावेत, रेशमाचे सिल्क मार्कचे लेबल पाहावे आणि पदर उलटा करून दाखवण्यास कोणी नकार देत असेल, तर चहाचा पेला तिथेच ठेवून उठावे.

तक्रार दाखल झाली आहे, निकाल लागायचा आहे. साडी पुरावा म्हणून त्याच पिशवीत कपाटात ठेवली आहे. लग्नात नणंदेने सासूबाईंची स्वतःच्या लग्नातली पैठणी नेसली. तिची जर थोडी काळवंडली आहे आणि एका काठाला रफू आहे.